नोंदवहीतील नाव आणि रुग्णाचा विश्वास

(वैद्यकीय शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचार या विषयावरील भाषणाचा मजकूर)



बाजारात मडके घेणारा माणूस ते वाजवून घेतो. धान्य घेणारा मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतो आणि कापड घेणारा त्याचा पोत चिमटीत धरून पाहतो. डॉक्टरच्या दारी गेलेल्या आजारी माणसाला मात्र यातले काहीच करता येत नाही. समोर बसलेल्या व्यक्तीचे ज्ञान पारखण्यासाठी जे ज्ञान लागते ते त्याच्यापाशी नसते; आणि असले तरी दुखण्याने गांजलेल्या अवस्थेत तेवढी उसंत नसते. तो आपला देह, आपल्या घरातील गुपिते आणि पुष्कळदा आयुष्यभराची शिल्लक एका अनोळखी व्यक्तीच्या स्वाधीन करतो. एवढा विश्वास अन्य कोणत्याही व्यवहारात क्वचितच टाकला जातो.

हा विश्वास आंधळा ठरू नये, यासाठी रुग्णाला जी पारख करता येत नाही ती त्याच्या वतीने समाजाने अगोदरच करून ठेवावी लागते. वैद्यकीय शिक्षण, नोंदणी आणि व्यावसायिक आचार यांविषयीचे सर्व कायदेकानू या एकाच गरजेतून निर्माण झाले आहेत. डॉक्टरांच्या नोंदवहीत एखादे नाव घातले जाते, तेव्हा या व्यक्तीची परीक्षा झालेली आहे आणि तिच्यावर विसंबण्यास हरकत नाही, असे वचनच समाजाला दिले जाते. ते वचन कसे दिले जाते, ते कोठे मोडते आणि ते पाळले जावे म्हणून कोणी काय करावयास हवे, याचा विचार डॉक्टरांइतकाच सर्वसामान्य नागरिकांनीही करणे अगत्याचे आहे.

प्राचीन काळापासूनची जाणीव

ही जाणीव आधुनिक काळातच निर्माण झाली, असे नाही. सुश्रुतसंहितेत शिक्षण पूर्ण केलेल्या शिष्याने राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात उतरावे, असे सांगितले आहे. केवळ शास्त्र जाणणारा किंवा केवळ हस्तकौशल्य असणारा वैद्य हा एकाच पंखाच्या पक्ष्यासारखा असतो, असा दृष्टान्तही तेथे आहे. त्याहून मार्मिक असा विचार त्याच ग्रंथात आढळतो. लोभापायी लोकांचे प्राण घेणारा कुवैद्य समाजात वावरतो तो राज्यकर्त्याच्या दोषामुळे, असे सुश्रुताचे म्हणणे आहे. अपात्र व्यक्तीला उपचारापासून रोखणे हे राज्याचे कर्तव्य होय, हे तत्त्व त्यात निःसंदिग्धपणे आले आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत आणि रुग्णाच्या अहिताचा विचार मनातही आणू नये, अशा आशयाची बंधने त्यात घातलेली आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर, प्राणावर बेतणाऱ्या व्याधीवर अधिकाऱ्यांना न कळविता उपचार केले आणि रुग्ण दगावला, तर वैद्याला दंड सांगितला आहे. शिक्षण, अनुज्ञा, आचार आणि दंड ही आजच्या व्यवस्थेची चारही अंगे या जुन्या ग्रंथांत बीजरूपाने दिसतात.

शिक्षणाची घडण

पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण मुंबईत प्रथम १८२६ साली एका छोट्या वैद्यकीय शाळेच्या रूपाने सुरू झाले. तेथे देशी भाषांतून शिकविले जात असे. ती शाळा १८३२ साली बंद पडली. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. १८३८ साली त्यांचे निधन झाले आणि १८४५ साली त्यांच्या नावाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या शेजारीच सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय उभे राहिले. महाविद्यालय आणि रुग्णालय यांची ही जोडणी महत्त्वाची होती. वैद्यक पुस्तकातून शिकावयाचे असते तसेच ते रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावयाचे असते, हे तत्त्व त्यामुळे आपल्याकडे रुजले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा समावेश होता. पुढे पुण्यात १८७८ साली बै. जी. वैद्यकीय शाळा निघाली. मुंबईत १९२६ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि त्याचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले आणि तेथे अध्यापनाची धुरा भारतीय डॉक्टरांकडे सोपविण्यात आली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालचे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशापुढे मोठा प्रश्न होता तो डॉक्टरांच्या संख्येचा. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी सुमारे ३०,००० पदवीधर नसून अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले परवानाधारक होते. साधारणतः ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, असे ते प्रमाण पडत होते. संख्या वाढविण्यासाठी कमी शिकलेले डॉक्टर अधिक तयार करावेत, की सर्वांसाठी एकच पूर्ण अभ्यासक्रम ठेवावा, यावर समितीत मतभेद झाले. बहुमताने दुसरा मार्ग स्वीकारला. खेड्यातील रुग्णाला शहरातील रुग्णापेक्षा कमी प्रतीचा डॉक्टर मिळावा ही कल्पना त्यामुळे तत्त्वतः बाजूला पडली. प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले, तेही याच समितीच्या शिफारशीमुळे.

तत्त्वतः बाजूला पडलेली ही विषमता व्यवहारात मात्र पूर्णपणे गेली नाही. शहरातील मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या तरुण डॉक्टरला खेड्यातील दवाखान्यात अनेक गोष्टींची उणीव जाणवते. तेथे तपासण्यांची यंत्रे नसतात, सल्ला देणारे वरिष्ठ हाताशी नसतात आणि रुग्ण उशिरा येतो. या वास्तवाची ओळख विद्यार्थिदशेतच व्हावी म्हणून काही प्रयोग झाले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत नवागत विद्यार्थ्यांचे प्रारंभीचे शिबिर गांधीजींच्या आश्रमात भरते. पुढे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तेथील कुटुंबांशी संबंध ठेवते.

राज्यातील वैद्यकीय शिक्षणात एकसूत्रता यावी, यासाठी १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. २०१९ सालापासून देशभर एम. बी. बी. एस.चा नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असे त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे याबरोबरच त्याला प्रत्यक्ष काय करता येते, याकडे या अभ्यासक्रमात लक्ष दिले जाते. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ हे त्याचे विशेष अंग होय. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, संमती कशी घ्यावी आणि आपली चूक झाली असता कसे वागावे, या गोष्टी पूर्वी विद्यार्थी वरिष्ठांचे पाहून शिकत असे. वरिष्ठ चांगला असेल तर चांगले शिकत असे, नसेल तर वाईट. त्या गोष्टी आता अभ्यासाचा भाग झाल्या आहेत. अर्थात, वर्गातील पाठापेक्षा वॉर्डातील वरिष्ठाचे वागणे विद्यार्थ्यावर अधिक खोल संस्कार करते, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच आचाराचे खरे शिक्षण शिक्षकांपासून सुरू व्हावे लागते.

नोंदवहीचा जन्म

शिक्षण घेतलेली व्यक्ती आणि न घेतलेली व्यक्ती यांतील फरक लोकांना कळावा कसा, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १८५८ साली कायदा होऊन डॉक्टरांची अधिकृत नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९१२ साली वैद्यकविषयक कायदा केला आणि मुंबई वैद्यक परिषद अस्तित्वात आली. बनावट पदव्या वाटणाऱ्या संस्थांना आळा घालण्यासाठी १९१६ साली भारतीय वैद्यक पदवी कायदा संमत झाला.

येथील पदव्यांचा दर्जा ठरविण्याचा अधिकार मात्र दीर्घ काळ इंग्लंडमधील परिषदेकडेच होता. १९३० च्या सुमारास भारतीय पदव्यांना मान्यता देण्यावरून त्या परिषदेशी मोठा वाद निर्माण झाला आणि देशातील डॉक्टरांच्या स्वाभिमानाला धक्का बसला. आपल्या शिक्षणाचा दर्जा आपणच ठरवावयाचा तर आपली स्वतंत्र, कसोशीने तपासणी करणारी संस्था हवी, हा धडा त्यातून मिळाला. परिणामी १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला आणि १९५६ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ साली भारतीय वैद्यक पद्धतींच्या व्यावसायिकांसाठी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम झाला आणि १९६५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम संमत झाला. होमिओपॅथीच्या व्यावसायिकांसाठी १९५९ चा स्वतंत्र कायदा आहे. दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र यांसाठी केंद्राचे कायदे १९४८ साली झाले होते. प्रत्येक पद्धतीची नोंदवही वेगळी आहे आणि ज्याचे नाव ज्या नोंदवहीत, त्याने त्या पद्धतीचा व्यवसाय करावा, हे या रचनेमागील सूत्र आहे.

या सूत्राचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या एका निकालाने अधोरेखित झाले. मुंबईत तापाने आजारी पडलेल्या एका रुग्णावर होमिओपॅथीच्या व्यावसायिकाने ॲलोपॅथीची औषधे वापरून उपचार केले. प्रथम विषाणुजन्य ताप समजून आणि नंतर विषमज्वर समजून औषधे देण्यात आली, आणि अखेरीस रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण आपण घेतलेले नाही ती वापरणे हीच मुळात हयगय होय, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. महाराष्ट्रात २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकांना आधुनिक औषधे वापरण्याची मर्यादित वाट मोकळी करण्यात आली. खेड्यांतील डॉक्टरांची उणीव हे त्यामागील एक कारण आणि अपुऱ्या शिक्षणाची भीती हा त्यावरील आक्षेप. या वादात दोन्ही बाजूंनी अखेर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: जे औषध दिले जात आहे त्याचे पुरेसे शिक्षण देणाऱ्याने घेतले आहे काय?

नाव घालणे आणि नाव काढणे

नोंदवहीत नाव घालण्याचा अधिकार जितका महत्त्वाचा, तितकाच ते काढून टाकण्याचा अधिकारही महत्त्वाचा आहे. किंबहुना दुसऱ्या अधिकाराशिवाय पहिल्याला अर्थ राहत नाही. ज्या यादीतून कोणाचेच नाव कधी जात नाही, ती यादी हळूहळू केवळ कागद बनते.

व्यावसायिक आचार, शिष्टाचार आणि नीती यांविषयीचे विनियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली लागू केले. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि औषधचिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशाच्या पावतीवर लिहावा, असे त्यात सांगितले आहे. दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्यावीत. शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी. रुग्णाची गुपिते उघड करू नयेत. जाहिरातबाजी करू नये. आणि रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन देऊ वा घेऊ नये, अशी बंधने त्यात आहेत. पाच वर्षांत किमान ३० तास शिक्षणात घालवून आपले ज्ञान अद्ययावत ठेवावे, अशीही अपेक्षा आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार स्वीकारण्यावर २००९ च्या दुरुस्तीने निर्बंध घातले. ऑगस्ट २०२३ मध्ये या विनियमांची जागा घेणारे नवे विनियम प्रसिद्ध झाले होते. ते त्याच महिन्यात स्थगित करण्यात येऊन २००२ चे विनियम पुन्हा अमलात आले.

या सर्व बंधनांत कमिशनचे बंधन सर्वांत कळीचे आहे. रुग्णाला एखाद्या तपासणीसाठी किंवा तज्ज्ञाकडे पाठविले जाते, तेव्हा ती तपासणी त्याच्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे, असे तो धरून चालतो. तपासणीमागे पाठविणाऱ्याचा वाटा असेल, तर हा विश्वास रुग्णाच्या नकळत विकला जातो. फसवणूक झाल्याचे त्याला कधी कळतही नाही. म्हणूनच ही प्रथा केवळ आर्थिक गैरव्यवहार नसून नोंदवहीतील वचनाचा भंग होय.

आचारभंगाचे आणखी एक गंभीर उदाहरण गर्भलिंगपरीक्षेचे आहे. रोगनिदानासाठी आलेले तंत्र मुलीचा जन्म रोखण्यासाठी वापरले जाऊ लागले, तेव्हा त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ साली आला. केंद्रीय कायद्याखाली दोष सिद्ध झाल्यास पहिल्या अपराधासाठी पाच वर्षे आणि पुन्हा अपराध केल्यास कायमचे, डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची तरतूद आहे. येथे तुरुंगवास आणि दंड यांच्या जोडीला नाव काढण्याची शिक्षा जाणूनबुजून ठेवलेली आहे. समाजाने दिलेले कौशल्य समाजाविरुद्ध वापरणाऱ्याकडून तो अधिकारच काढून घेतला जावा, हा त्यामागील हेतू होय.

न्यायालयांनी आखलेली कर्तव्ये

नियमावली कितीही तपशीलवार असली तरी प्रत्यक्ष प्रसंगी डॉक्टरने कसे वागावे, हे ठरविण्याची वेळ अनेकदा न्यायालयांवर आली आहे. या संदर्भातील एक मूलभूत निकाल महाराष्ट्रात घडलेल्या घटनेतून निर्माण झाला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून फळ्या बांधल्या आणि त्याला पुण्यास हलविण्याचा सल्ला दिला. लांबचा प्रवास करून त्याला पुण्यातील एका शल्यचिकित्सकाकडे आणण्यात आले. तेथे भूल न देता, जोर लावून पाय ओढून हाड बसविण्यात आले आणि त्याच रात्री त्या तरुणाचा मृत्यू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ साली निकाल लागला. मृत्यू उपचाराच्या धक्क्याने झाला, हा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. रुग्ण आपण स्वीकारावा की नाही हे काळजीपूर्वक ठरविणे, हे पहिले; कोणते उपचार द्यावेत हे काळजीपूर्वक ठरविणे, हे दुसरे; आणि ते उपचार काळजीपूर्वक देणे, हे तिसरे. डॉक्टरने अलौकिक कौशल्य दाखवावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. सर्वसाधारण दर्जाच्या व्यावसायिकाकडून अपेक्षित असलेली काळजी त्याने घ्यावी, एवढीच आहे. पालशेतच्या डॉक्टरांकडे साधने अपुरी होती. परंतु आपल्या मर्यादा ओळखून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठविण्याचे भान त्यांनी दाखविले. साधने थोडी असली तरी हे भान ठेवता येते, आणि साधने पुष्कळ असली तरी ते सुटू शकते, हाच या घटनेचा धडा आहे.

१९८९ च्या निकालात न्यायालयाने अपघातग्रस्तांच्या बाबतीत एक मोठा अडथळा दूर केला. पोलिसी कारवाईच्या भीतीने जखमी माणसाला परत पाठविले जाण्याचे प्रकार घडत होते. प्राण वाचविणे हे शासकीय आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कायदेशीर उपचार त्यानंतर पार पाडता येतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९९५ साली पैसे घेऊन दिलेल्या वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू असल्याचा निर्णय झाला आणि सामान्य माणसाला दाद मागण्याची सोपी वाट मिळाली. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, हे २००८ च्या निकालाने ठरले.

दुसऱ्या बाजूचाही विचार न्यायालयाने केला आहे. प्रत्येक मृत्यू म्हणजे हयगय नव्हे आणि निदानातील प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. फौजदारी जबाबदारीसाठी हयगय अत्यंत ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे आणि डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने निःपक्षपाती तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे २००५ साली न्यायालयाने सांगितले. भीतीने हात आखडलेला डॉक्टर अवघड रुग्ण टाळू लागतो आणि त्याची किंमत अखेर रुग्णालाच द्यावी लागते. डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली केलेला कायदा याच दृष्टीने आवश्यक ठरला.

नियंत्रकावर नियंत्रण

डॉक्टरांची पारख परिषद करते. पण परिषदेची पारख कोणी करावी? हा प्रश्न २०१० साली ऐरणीवर आला. भारतीय वैद्यक परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि केंद्र शासनाने परिषद बरखास्त करून तिचा कारभार नियामक मंडळाकडे सोपविला. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेविषयीच संशय निर्माण झाल्याने तेथून बाहेर पडणाऱ्या पदव्यांविषयीही लोकांच्या मनात किंतु उत्पन्न झाला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा २०१९ साली संमत झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाचे काम सुरू झाले. पदवी शिक्षण, पदव्युत्तर शिक्षण, महाविद्यालयांचे मूल्यमापन, आणि नीती व नोंदणी अशी चार स्वतंत्र मंडळे त्याखाली आहेत. नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीचे ऑनलाइन संकेतस्थळही सुरू झाले.

रचना बदलली म्हणजे वृत्ती आपोआप बदलते, असे मानण्याचे कारण नाही. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे २००२ चे विनियम सांगतात. ही मुदत पाळली गेली तरच तक्रार करणाऱ्याला न्यायाचा आणि निर्दोष डॉक्टरला मुक्ततेचा लाभ वेळेवर मिळेल. विलंबाने दोघांचेही नुकसान होते; लाभ होतो तो केवळ दोषी व्यक्तीचा.

नागरिकांचा वाटा

ही सर्व व्यवस्था नागरिकांसाठी आहे आणि तिच्यात नागरिकांनाही काही कामे पार पाडावयाची आहेत. दवाखान्यात लावलेला नोंदणी क्रमांक पाहणे आणि शंका आल्यास तो परिषदेकडे पडताळून घेणे, हे पहिले काम. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. किंबहुना पात्र डॉक्टरला त्याचा अभिमानच वाटावा. गावात कोणी पदवीशिवाय सुया टोचत असेल, तर तो स्वस्त पडतो म्हणून त्याच्याकडे जाऊ नये आणि त्याची माहिती आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. प्रत्येक वेळी सुईचा वा सलाइनचा आग्रह धरणे हेही सोडले पाहिजे. रुग्णांच्या अशा आग्रहातूनच बोगस डॉक्टरांचा धंदा फोफावतो.

औषधचिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद एका जागी नीट जपून ठेवावेत. पुढच्या डॉक्टरला ते उपयोगी पडतात आणि वेळ आली तर दाद मागतानाही तेच बोलतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शस्त्रक्रिया कोणती, तिच्यात धोका कोणता आणि दुसरा मार्ग आहे काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. राज्यातील शुश्रूषागृहांच्या नोंदणीविषयीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ते वाचण्याचा आणि त्याविषयी विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तक्रार असेल तर ती लेखी आणि पुराव्यासह परिषदेकडे करावी. संतापाच्या भरात रुग्णालयाची मोडतोड केल्याने गेलेला माणूस परत येत नाही. उलट शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे प्राण मात्र धोक्यात येतात.

ज्ञानाच्या बाबतीत रुग्ण आणि डॉक्टर कधीच समान पातळीवर येणार नाहीत. ती दरी शिक्षणाने, नोंदणीने आणि आचाराने भरून काढावयाची असते. महाविद्यालयाने अर्धवट शिकविले, परिषदेने डोळेझाक केली, डॉक्टरने लोभ धरला किंवा नागरिकाने विचारावयाचे सोडून दिले, तर नोंदवहीतील अक्षरे तशीच राहतात. त्यांच्यामागील वचन मात्र नाहीसे होते. ते वचन जिवंत ठेवण्याची जबाबदारी या चौघांचीही आहे. मध्यरात्री तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर टाकून एखादी आई परक्या गावात दवाखान्याचे दार ठोठावते, तेव्हा तिला काहीही पारखून पाहता येत नाही. तिच्या वतीने ती पारख आधीच, आणि प्रामाणिकपणे, झालेली असली पाहिजे.